पीएफए लायनिंगचा बॉल व्हॉल्व्ह: कास्टिंगपासून डिस्पॅचपर्यंत, क्रम न चुकवता

आतून पीएफए या ॲसिडला दाद न देणाऱ्या प्लास्टिकचं अस्तर, म्हणजे लायनिंग, दिलेला व्हॉल्व्ह नापास झाला की पहिला आळ दाण्यावर, त्या प्लास्टिकच्या कच्च्या मालावर येतो. "लॉटच खराब होता." तिथं भागलं नाही की मोल्डिंगच्या ऑपरेटरवर. प्रत्यक्षात दाणा उघडण्याच्या चार-पाच दिवस आधीच चूक होऊन गेलेली असते. मळकट हवेनं केलेलं ब्लास्टिंग (हवेच्या झोतानं ग्रिट मारून धातू साफ करणं), न तपासलेलं कास्टिंग, तीक्ष्ण राहिलेली एखादी कड. लायनिंग हे सगळं झाकतं, आणि एकदा झाकलं की ते पुन्हा दिसतं ते ग्राहकाच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या लाइनवर. म्हणून या लेखात कुठली गोष्ट कशाच्या आधी करायची यावर जास्त भर आहे.

उदाहरणाला २ इंची, क्लास १५० या दाबाच्या वर्गाचा, दोन तुकड्यांच्या बॉडीचा बॉल व्हॉल्व्ह घेतला आहे. आतून पीएफए, बॉल आणि स्टेम एकसंध, लायनिंग ट्रान्सफर मोल्डिंगनं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दट्ट्यानं बॉडी आणि कोअर यांच्यामधल्या पोकळीत ढकलून. बटरफ्लाय, डायफ्रॅम किंवा चेक व्हॉल्व्ह करणाऱ्यांनाही पहिले पाच टप्पे जवळजवळ जसेच्या तसे लागू पडतील.

## ०. ऑर्डर हातात आल्यावर, ड्रॉइंगच्या आधी

ग्राहकाला तीन गोष्टी विचारा: आतून काय वाहणार, किती तापमानाला, आणि लाइनवर व्हॅक्यूम येतो का. "ॲसिड आहे" हे उत्तर पुरेसं धरू नका.

सौम्य हायड्रोक्लोरिक आणि साधारण तापमान असेल तर पॉलिप्रॉपिलीन चालतं आणि स्वस्त पडतं. तेच पॉलिप्रॉपिलीन तीव्र नायट्रिक किंवा क्लोरीनपुढे टिकत नाही. पीव्हीडीएफ हे फ्लोरिनयुक्त प्लास्टिक कणखर आहे, पण तीव्र कॉस्टिक आणि अमाइनवर त्याला तडे जातात. एफईपी हे पीएफएचंच भावंड साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि ओतायला सोपं आहे, पण गरम लाइनवर पीएफएच्या मागे पडतं. पीएफए ३०५ अंशांच्या आसपास वितळतं आणि रासायनिक बाबतीत जवळजवळ पीटीएफईइतकंच (म्हणजे टेफ्लॉनइतकंच) टिकाऊ आहे. पीटीएफई मात्र वितळून वाहत नाही. म्हणूनच बॉडीच्या आडवळणाच्या पोकळीत भरायला पीएफए घेतात आणि सीटसाठी पीटीएफई.

दाणा मागवताना मेल्ट फ्लोचा, म्हणजे वितळल्यावर माल किती सहज वाहतो त्याचा, आकडा लिहून मागा. २ च्या आसपासचा ग्रेड सावकाश वाहतो, पण ताणानं तडकत नाही. १४ च्या आसपासचा ग्रेड साच्यात भुर्रकन भरतो आणि वर्षभरात कोपऱ्याला केसासारखी चीर दाखवतो. भरायला त्रास होतो म्हणून जास्त फ्लोच्या ग्रेडवर जाण्याचा मोह शॉपवर सगळ्यांनाच होतो. त्रासाचं मूळ बहुतेक वेळा थंड बॉडीत असतं.

आत टोल्युइन, हेक्झेनसारखं वीज न वाहणारं सॉल्व्हंट असेल तर स्थिर वीज साठते. तिथं कार्बन मिसळलेलं काळं, अँटिस्टॅटिक पीएफए लागतं. हे आताच ठरवा, कारण त्या लायनिंगवर स्पार्क टेस्ट (हजारो व्होल्टचा ब्रश फिरवून ठिणगीनं भोक शोधणं) करता येत नाही. लायनिंग स्वतःच वीज वाहून नेतं. मग जाडीची तपासणी आणि हायड्रो (पाण्याच्या दाबाची टेस्ट) यांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि हे ग्राहकाच्या क्वालिटी प्लॅनमध्ये आधी लिहून घ्यावं लागतं. माल तयार झाल्यावर इन्स्पेक्टरशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

## १. कास्टिंग आणि मशिनिंग

बॉडीला एसजी आयर्न (ओतीव लोखंडाचा चिवट प्रकार) किंवा ए२१६ डब्ल्यूसीबी (ओतीव कार्बन स्टील). कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतून एसजी आयर्न मागवत असाल तर ऑर्डरवर एक वाक्य ठळक लिहा: "कास्टिंगला कोणतंही सीलंट इम्प्रेग्नेशन करू नये." का, ते तिसऱ्या टप्प्यात येईल.

साध्या व्हॉल्व्हचं पॅटर्न उचलून त्यालाच लायनिंग करायचं, ही सगळ्यात महागडी काटकसर. लायनिंगच्या बॉडीच्या गरजा वेगळ्या असतात.

१. आतली एकही कड तीक्ष्ण नको. निदान ३ मिमी त्रिज्या द्या. लायनिंग थंड होताना आकसतं, आणि तीक्ष्ण कडेवर ते चाकूवर दोरी ओढावी तसं ताणलं जातं.

२. डोव्हटेल खाचा. पीएफए धातूला चिकटत नाही, फक्त अडकून राहतं. फ्लँजच्या चेहऱ्यावर आणि बोअरमध्ये तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद अशा खाचा असल्याशिवाय लायनिंग जागेवर राहणार नाही. लाइनवर व्हॅक्यूम येणार असेल तर खाचांमधलं अंतर आणखी कमी करा.

३. जाडी सगळीकडे सारखी. या मापाला ३ ते ४ मिमी बरी. एका जागी ३ आणि शेजारी ९ झाली तर जाड भाग शेवटी गोठतो आणि त्याच्या पोटात पोकळी राहते.

४. फ्लँज ते फ्लँज अंतर लायनिंगसकट मोजा. व्हॉल्व्हच्या लांबीचं मानक एएसएमई बी१६.१० प्रमाणे २ इंची, क्लास १५० ला १७८ मिमी. हे अंतर लायनिंगच्या चेहऱ्यापासून चेहऱ्यापर्यंतचं आहे, त्यामुळे धातूचं माप तेवढं कमी धरावं लागतं. हे विसरून आख्खा लॉट पुन्हा लेथवर चढवलेली शॉप मी पाहिली आहेत.

तपासणी: मशिनिंगनंतर बॉडीच्या आत बोट फिरवा. नखाला काही अडकलं तर ते लायनिंगलाही अडकणार. ओतताना कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) सरकून भिंत एका बाजूला पातळ झाली आहे का, हे दोन्ही टोकांना कॅलिपर लावून बघा.

## २. उघड्या बॉडीची हायड्रो टेस्ट

हा टप्पा सर्रास गाळला जातो. कारण ऐकायला पटतं: "शेवटी हायड्रो करायचीच आहे, दोनदा कशाला?"

शेवटच्या हायड्रोला पाणी लायनिंगपाशीच थांबतं, कास्टिंगपर्यंत पोचत नाही. कास्टिंगला आरपार ब्लो होल (ओतताना वायू अडकून राहिलेलं भोक) असलं तरी चार मिमी पीएफए ते अडवून धरतं आणि व्हॉल्व्ह पास होतो. लाइनवर मात्र तापमान वर-खाली होत राहतं. त्या होलच्या तोंडाशी लायनिंगला मागून आधार नसतो, ते हळूहळू आत ढकललं जातं आणि एक दिवस फुटतं.

म्हणून लायनिंगआधी धातूची एकटी परीक्षा घ्या. डब्ल्यूसीबीचं क्लास १५० चं रेटिंग खोलीच्या तापमानाला १९.६ बार आहे. त्याच्या दीडपट, म्हणजे ३० बारच्या आसपास. एसजी आयर्नचं रेटिंग कमी, त्यामुळे टेस्टचा दाबही कमी. बाहेरून कोरडी पुसून घ्या आणि स्टेमच्या गळ्यापाशी, रिबच्या मुळाशी नीट बघा. बहुतेक पाझर तिथंच सापडतो.

डब्ल्यूसीबीला वेल्डिंगनं दुरुस्ती करता येते. ती आता करा, उष्णतोपचार उरका आणि पुन्हा हायड्रो घ्या. एसजी आयर्न पाझरलं तर माझा सल्ला सरळ आहे: भंगारात टाका. वेल्डच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पुढे तीच बॉडी आपण चारशे अंशांपर्यंत तापवणार आहोत.

सावधान: लायनिंग झाल्यावर बॉडीला वेल्डिंगचा टाकासुद्धा नाही. नेमप्लेट, ॲक्च्युएटरचा ब्रॅकेट, काहीही असो. टॅग रिव्हेट करा किंवा तारेनं बांधा.

## ३. आधी भाजणं, मग ब्लास्टिंग

हा क्रम उलटा झाला की बुडबुडे येतात. निम्म्या शॉपमध्ये तो उलटाच असतो.

कास्टिंगच्या सूक्ष्म छिद्रांत कटिंग ऑइल, हायड्रोचं पाणी, गंजरोधक तेल मुरलेलं असतं. वरून पुसून ते जात नाही. मोल्डिंगच्या वेळी बॉडी तापते, आत मुरलेल्या तेलाचा वायू होतो आणि नेमका वितळलेल्या पीएफएत घुसतो. म्हणून बॉडी मोल्डिंगच्या तापमानापेक्षा थोडी वर, साधारण ४०० अंशांपर्यंत तापवून काही तास धरा. जे काही जळायचं, उडायचं आहे ते आताच उडू दे.

भट्टीतून बाहेर आलेल्या बॉडीवर राख आणि काळी पापडी असते. ती ब्लास्टिंगनं निघते. आधी ब्लास्टिंग करून मग भाजलं तर ही पापडी तशीच राहते आणि तिच्यावर लायनिंग बसतं.

इम्प्रेग्नेशनचा मुद्दा इथलाच. एका लॉटमध्ये बारा बॉडींना एकाच जागी, गळ्याच्या खाली, फोड आले. आम्ही दाणा बदलला, तापमान बदललं, ऑपरेटर बदलला. शेवटी एक बॉडी कापली. फाउंड्रीनं पाझर बंद करायला आत सीलंट भरलं होतं. हायड्रोला ते छान टिकलं आणि पुढच्या उष्णतेत त्याचा धूर झाला. तेव्हापासून आम्ही भाजताना भट्टीच्या धुराड्याकडे बघतो. तासाभरानंतरही उग्र वास येत असेल तर त्या लॉटमधली एक बॉडी बाजूला काढून कापायची.

ब्लास्टिंगला ॲल्युमिना ग्रिट, पृष्ठभाग एसए २½ दर्जाचा, म्हणजे जवळजवळ पूर्ण उघड्या धातूपर्यंत साफ. स्टेनलेस बॉडीला लोखंडी ग्रिट कधीही वापरू नका, कण रुततात आणि गंजतात. कॉम्प्रेसरच्या हवेसमोर पांढरा कागद मिनिटभर धरा. त्यावर तेलाचा किंवा पाण्याचा ठिपका आला तर काम थांबवा आणि सेपरेटर साफ करा. जुलै-ऑगस्टमध्ये ही परीक्षा दर पाळीला घ्या.

सावधान: ब्लास्टिंग झालेली बॉडी उघड्या हातानं धरायची नाही. कोकणपट्टीतल्या दमट हवेत दोन-तीन तासांत तांबूस झाक येऊ शकते. तेवढ्या वेळात बॉडी ओव्हनमध्ये गेली पाहिजे. आज ब्लास्टिंग आणि उद्या मोल्डिंग असं नियोजन असेल तर ब्लास्टिंग उद्याच करा.

## ४. साचा, कोअर आणि हवेची वाट

वितळलेलं पीएफए साध्या स्टीलला खातं. जास्त तापलं की त्यातून हायड्रोजन फ्लोराइड सुटतो आणि मेल्ट पॉटच्या, म्हणजे दाणा वितळवायच्या भांड्याच्या, भिंती पोखरतो. पॉट आणि प्लंजर (माल ढकलणारा दट्ट्या) निकेल मिश्रधातूचे हवेत. साच्याच्या कोअरला (बोअरची, म्हणजे आतल्या भोकाची, जागा राखणाऱ्या दांड्याला) कठीण टूल स्टीलवर चांगलं प्लेटिंग चालतं, पण प्लेटिंग उडलेला कोअर "अजून एक लॉट" म्हणून वापरू नका. तपकिरी रेघा तिथूनच येतात.

पीएफए मोकळं आकसलं तर ३ ते ५ टक्के आकसतं. लायनिंगमध्ये ते मोकळं नसतं. बाहेरून खाचा त्याला धरतात, आतून कोअर. त्यामुळे कोअरचं अंतिम माप कागदावरच्या टक्केवारीतून मिळत नाही. पहिला कोअर मुद्दाम थोडा जाड ठेवा, दोन-तीन चाचणी बॉडी काढा, बोअर मोजा आणि मग कोअर उतरवा. कमी केलेला कोअर पुन्हा वाढवता येत नाही, हे सांगायला नको. कोअर ओढून काढायला किंचित उतार द्या, नाहीतर लायनिंग त्याला घट्ट मिठी मारून बसतं.

हवेची वाट म्हणजे व्हेंट. पीएफए जिथं शेवटी पोचतं तिथं अडकलेली हवा बाहेर पडली पाहिजे. दोन-तीन शतांश मिमीची फट पुरते. व्हेंट चुकीच्या जागी असेल तर त्या कोपऱ्यात खळगा किंवा जळकट डाग दिसतो. शेवटचं भरणं कुठं होतं हे कळायला एकदा मुद्दाम कमी दाणा घालून अर्धवट शॉट काढा. एक बॉडी वाया जाईल, पण पुढचा अंदाजपंचे कारभार वाचेल.

सिलिकॉनचा रिलीज स्प्रे साच्याच्या आसपासही फवारू नका.

## ५. वितळवणं आणि भरणं

दाणा किती घ्यायचा हे डोळ्यांनी ठरवू नका. लायनिंगच्या पोकळीचं आकारमान काढा. समजा १८० घन सेंमी आलं. घन पीएफएची घनता २.१५, म्हणजे १८० × २.१५ = ३८७ ग्रॅम. स्प्रू (भरायच्या वाटेत गोठून राहणारा माल), पॉटमध्ये उरणारा थर आणि आकसण्याची भरपाई यांसाठी मी साधारण पाचवा हिस्सा जादा धरतो, म्हणजे ४६५ ग्रॅमच्या आसपास. भरून झाल्यावर प्लंजरखाली थोडा माल उरलाच पाहिजे. प्लंजर तळाला टेकला की दाब पोकळीपर्यंत पोचत नाही.

पीएफए ओलावा शोषत नाही म्हणून त्याला वाळवायची सक्ती नसते. पण थंड गोदामातून आणलेला ड्रम दमट शॉपमध्ये लगेच उघडला तर दाण्यांवर दव बसतं. ड्रम आदल्या रात्री शॉपमध्ये आणून ठेवा आणि सकाळी उघडा.

आता क्रम:

१. बॉडी, कोअर आणि साचा जोडून ओव्हनमध्ये ठेवा. बॉडीचं तापमान ३४० ते ३६० अंश. हे ओव्हनच्या डिस्प्लेवर बघू नका. बॉडीच्या सर्वात जाड भागाला, म्हणजे फ्लँजच्या मुळाशी, थर्मोकपल लावा. डिस्प्ले ३५० दाखवत असताना फ्लँज ३०० च्या खाली असू शकतो, आणि ते तर पीएफएचा गोठणबिंदू आला.

२. मेल्ट पॉटमधला दाणा ३६० ते ३८० अंशांवर पूर्ण वितळू द्या. तो स्वच्छ, पारदर्शक आणि बुडबुड्यांविना दिसला पाहिजे. मधोमध पांढुरका गोळा दिसला तर अजून वेळ आहे.

३. वितळल्यावर उगाच थांबू नका. चहाची सुट्टी आली म्हणून पॉट तासभर तसाच ठेवला तर माल पिवळसर होतो आणि पुढे ठिसूळ निघतो.

४. प्लंजर सावकाश दाबा. पीएफए जास्त वेगानं ढकललं तर प्रवाह आतून फाटतो. गेटजवळ, म्हणजे माल पोकळीत शिरतो त्या तोंडाशी, दूधट, खरखरीत पट्टा दिसतो आणि तिथला पापुद्रा नखानं निघतो. या मापाला भरायला मिनिट-दोन मिनिटं लागली तरी हरकत नाही.

५. व्हेंटमधून माल डोकावला की भरणं झालं. दाब मात्र सोडायचा नाही.

सावधान, हे माणसांसाठी: ४०० अंशांवर पीएफएचं विघटन वेगानं सुरू होतं आणि धूर विषारी असतो. ओव्हन आणि पॉट दोन्हींवर एक्झॉस्ट हवाच. पीटीएफई-पीएफएची भुकटी बोटांना लागलेली असताना बिडी-सिगारेट ओढली तर ती विस्तवात जळून थेट छातीत जाते. मग संध्याकाळी घरी गेल्यावर हुडहुडी भरते, ताप येतो, छाती आवळते. माणूस मलेरियाची तपासणी करत बसतो. शॉपमध्ये बिडी-तंबाखू बंद आणि जेवणाआधी साबणानं हात, हा नियम मालकापासून सगळ्यांना. स्प्रूचे तुकडे आणि बुरादा अंगणात कचऱ्याबरोबर जाळायचा नाही.

स्प्रू दळून पुन्हा दाण्यात मिसळायचा का, हे प्रत्येक खरेदीवाला विचारतो. पीएफएची किंमत बघता विचारणारच. व्हॉल्व्हच्या लायनिंगला माझं उत्तर नाही. दळलेल्या मालाचा मेल्ट फ्लो वाढलेला असतो आणि त्यात लोखंडाचा एखादा कण आला तर तो स्पार्क टेस्टलाच भेटतो.

## ६. दाबाखाली थंड करणं

वितळलेल्या पीएफएची घनता दीडच्या आसपास असते, घन झाल्यावर २.१५. म्हणजे गोठताना आकारमान भलतंच घटतं. ती घट भरून काढायला गेटमधून नवा माल येत राहिला पाहिजे, आणि त्यासाठी गेट सगळ्यात शेवटी गोठलं पाहिजे.

म्हणून थंड हवा गेटपासून दूरच्या टोकाला आधी द्या. तिथून हळूहळू गेटकडे या. दाब कायम. गेटपाशी थर्मोकपल असू द्या. तिथलं तापमान २५० अंशांखाली उतरल्यावरच दाब काढा. सगळीकडून एकदम पंखा लावला तर पातळ भाग आधी गोठतात, जाड भागाची वाट बंद होते आणि आत पोकळी राहते. वरून काही दिसत नाही. बादलीभर पाणी ओतून घाई करणाऱ्यांना तर लायनिंग बॉडीपासून सुटल्याचा आवाजही ऐकू येतो.

कोअर ओढायचा तो १०० ते १५० अंशांच्या दरम्यान. गरम असताना ओढला तर लायनिंग त्याच्याबरोबर ताणलं जातं. पूर्ण थंड झाल्यावर ते इतकं घट्ट बसतं की घणाचे घाव घालावे लागतात, आणि घाव घातले की कोअरवर ओरखडे येतात. ते पुढच्या प्रत्येक बॉडीत उतरतात.

तपासणी: गेट कापल्यावर त्याच्या छेदात बारीक पोकळी दिसली, तर तशीच पोकळी आत असण्याची शक्यता धरा. पाळीतली पहिली बॉडी उभी कापून बघणं महाग वाटतं, पण नव्या साच्याच्या पहिल्या लॉटला तरी कापाच.

## ७. लायनिंगची परीक्षा

आधी डोळे, मग गेज, मग स्पार्क. बॉडी चोवीस तास तशीच राहू द्या आणि मगच मोजा.

आत टॉर्च टाकून नैसर्गिक रंगाचं पीएफए बघितलं की धातूची सावली जाणवते. एखादा ठिपका जास्त गडद दिसला तर तिथं जाडी कमी. मॅग्नेटिक जाडी गेज एसजी आयर्न आणि डब्ल्यूसीबीवर चालतं. स्टेनलेसवर ते काम करत नाही, हे लक्षात न ठेवता लिहिलेले रिपोर्टही मी पाहिले आहेत.

स्पार्क टेस्टला १० ते १५ किलोव्होल्ट सर्रास वापरतात. ग्राहकानं आकडा दिला असेल तर तोच. पृष्ठभाग कोरडा आणि धूळविरहित, बॉडी अर्थिंगला जोडलेली. ब्रश सतत फिरता ठेवा. एका जागी धरून ठेवला तर तुम्हीच नवीन भोक पाडाल. फ्लँजच्या कडेला धातू जवळ असतो, तिथं बाहेरून उडी मारणारी ठिणगी आणि लायनिंगमधून जाणारी ठिणगी यांतला फरक ऑपरेटरला दाखवून शिकवा. पहिली निळसर आणि भटकी असते, दुसरी पांढरी आणि एकाच जागी.

सावधान: ही टेस्ट पाण्याच्या हायड्रोआधी करायची. ओल्या लायनिंगवर खोट्या ठिणग्या दिसतात. स्पार्क टेस्टनंतर फ्लँजचा चेहरा लेथवर थोडासाही घेतला असेल तर टेस्ट पुन्हा. एकाच बॉडीवर पाच-सहा वेळा "खात्रीसाठी" टेस्ट मारू नका, दर वेळी लायनिंगवर ताण पडतो.

भोक सापडलं तर गरम सळईनं पीएफए लावून बुजवणारे आहेत. तो जोड रसायनापुढे टिकत नाही. लायनिंग जाळून काढा, बॉडी तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा. जाळतानाही एक्झॉस्टखालीच.

## ८. बॉल-स्टेम आणि सीट

बॉल आणि स्टेम एकाच तुकड्याचा करा. वेगळे केले तर जोडातली खाच लायनिंगखाली सैल होते आणि हँडल फिरलं तरी बॉल थोडा मागे राहतो. बॉलचं लायनिंग वर सांगितलं तसंच, फक्त नंतर गोलाई टर्निंग करून पॉलिश करायची आणि मग पुन्हा स्पार्क टेस्ट.

सीट पीटीएफईची. इथं एक चूक इतकी नेमानं होते की तिच्यासाठी वेगळा परिच्छेद हवा. पीटीएफईचं आकारमान १९ अंशांच्या आसपास अचानक सुमारे एक टक्क्यानं बदलतं. स्फटिकांची रचना त्या तापमानाला पालटते. आता पुण्या-नाशिकची डिसेंबरची सकाळ घ्या. शॉपमध्ये १४-१५ अंश. पहिल्या पाळीत टर्न केलेल्या सीट मापात असतात. दुपारी २७ अंशांना त्याच सीट मोठ्या निघतात, आणि दुसऱ्या पाळीचा माणूस पहिल्या पाळीवाल्याशी भांडतो. दोघांचंही मायक्रोमीटर बरोबर असतं. सीटचं टर्निंग आणि मोजमाप २३ ते २५ अंशांच्या खोलीत करा. रॉड किंवा बिलेट त्या खोलीत आदल्या दिवशी ठेवा.

काचतंतू मिसळलेलं पीटीएफई सीटला जास्त टणक, पण हायड्रोफ्लोरिक ॲसिड आणि तीव्र कॉस्टिक काचेला खातात. तिथं शुद्ध किंवा कार्बन मिसळलेलं.

## ९. जुळणी आणि अंतिम टेस्ट

ग्रीस लावू नका. फारच गरज असेल तर फ्लोरिनयुक्त ग्रीसचा पातळ हात. बॉडीचे बोल्ट आमनेसामने, तीन फेऱ्यांत. स्टेमच्या पॅकिंगखाली डिस्क स्प्रिंग द्या. पीटीएफई दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्प्रिंग नसेल तर महिन्याभरात ग्लँड (पॅकिंग दाबून धरणारा भाग) सैल होतो.

टेस्टचा माझा क्रम असा: आधी ६ बार हवेनं दोन्ही बाजूंनी सीट टेस्ट, मग बॉल अर्धा उघडा ठेवून पाण्याची शेल टेस्ट, म्हणजे पूर्ण बॉडीची दाबाची टेस्ट. पाणी आधी भरलं तर ओली सीट बारीक गळती काही काळ लपवते. व्हॉल्व्ह टेस्टिंगचं मानक एपीआय ५९८ प्रमाणे मऊ सीटला गळती शून्य. २ इंचीपर्यंत वेळ १५ सेकंद. हा किमान वेळ आहे, मी मिनिटभर धरतो.

मग पाणी काढा. फक्त उलटा करून भागत नाही. बॉल पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असताना त्याच्या आणि बॉडीच्या मधल्या पोकळीत पाणी अडकून राहतं. बॉल अर्ध्यावर फिरवा, कोरडी हवा मारा. हा व्हॉल्व्ह ९८ टक्के सल्फ्युरिकच्या लाइनवर बसणार असेल, तर त्या चमचाभर पाण्यावर ॲसिड आलं की किती उष्णता होते हे प्लांटवाल्यांना विचारा.

## १०. पॅकिंग

बॉल पूर्ण उघडा ठेवून पाठवा. अर्ध्यावर राहिला तर सीटची कड बॉलच्या भोकात ढकलली जाते आणि तशीच बसते.

फ्लँजच्या चेहऱ्यावर प्लायवुड किंवा जाड प्लास्टिकची चकती बोल्टनं घट्ट. टेपनं चिकटवलेला पुठ्ठा ट्रकमध्ये पहिल्याच खड्ड्याला निघतो. बाहेरचा रंग देताना लायनिंगचा चेहरा झाका.

व्हॉल्व्हला बांधायच्या टॅगवर मराठी आणि हिंदीत चार ओळी छापा: चकती बसवायच्या क्षणीच काढा. बोल्ट टॉर्क रेंचनंच, सोबतच्या तक्त्याप्रमाणे. बॉडीवर आणि जवळपास वेल्डिंग नको. लाइन एकदा गरम होऊन थंड झाल्यावर, चोवीस तासांनी, दाब काढून बोल्ट पुन्हा आवळा.